सोवळ्यातली कादंबरी

परवा सुनेने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला होता. कोट घातलेला एक तरुण सांगत होता की नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांनी रोज ठरलेल्या वेळी टेबलाशी बसावं, घरच्यांना ते प्रेमाने समजावून सांगावं आणि आयुष्यात समतोल राखावा. सून भाजी निवडत ऐकत होती, मी पोळ्या लाटत होते. ‘घरच्यांना प्रेमाने समजावून सांगावं’ हे कानावर पडलं आणि मला नरहरराव आठवले. हसू आलं, पोळी वाकडी झाली.

"क्या हुआ, आई?" सुनेने विचारलं. ती इथलीच, काशीची, हिंदी बोलणारी.

"काही नाही," म्हटलं. मला बोलून सांगता येत नाही. चार माणसांत तर जीभ टाळूला चिकटते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तरी कागदावर जमतं थोडंफार. कागद मध्येच तोंडाकडे बघत नाही.

नरहरराव आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. दुर्गा घाटाच्या वरच्या गल्लीतलं घर, खाली आम्ही भाडेकरू, वर ते आणि मालतीवहिनी. त्यांच्या वडिलांचा तीर्थोपाध्येपणाचा व्यवसाय. महाराष्ट्रातून यात्रेकरू यायचे, त्यांचं श्राद्धकर्म, राहणं, जेवण सगळं याच घरात व्हायचं. नरहरराव मात्र बँकेत लागले. देवाधर्मावर आपला विश्वास नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. वडिलांचे देव त्यांनी चुलतभावाकडे पोचते केले. पोथ्या विद्यापीठातल्या कुणाला तरी देऊन टाकल्या. एक गोष्ट तेवढी ठेवून घेतली, ती म्हणजे सोवळं. देवासाठी नाही. कादंबरीसाठी.

पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ. मग वडिलांचा रेशमी कद नेसून, अंगावर धाबळी घेऊन, पाच वाजता टेबलाशी. पाच ते सात ते लिहायचे, किंवा लिहिण्याच्या जागी असायचे. त्या वेळात त्यांना शिवायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ते बोलणार नाहीत. चुकून वहिनींचा पदर लागला तरी उठून पुन्हा आंघोळ आणि पुन्हा पहिल्यापासून. कुकरची शिट्टी सातनंतर. दूधवाल्याने कडी वाजवायची नाही, खाली आमच्याकडे दूध ठेवायचं. आमचे हे रेल्वेत, पहाटेची ड्युटी असली की जिन्याखाली चपला हातात घेऊन बाहेर पडायचे. भाडं आम्ही देत होतो, पण शिस्त फुकट मिळत होती.

"आमचे वडील पूजेला बसले की घरात पान हलत नसे," नरहरराव सांगायचे. "लेखन हीसुद्धा एक पूजाच आहे. फरक इतकाच की इथे देव आपणच घडवायचा."

"नैवेद्य मात्र आम्हीच करायचा," वहिनी आतून म्हणायच्या.

एका थंडीत त्या पूजेत माकड आलं. आमच्याकडे माकडांना आमंत्रण लागत नाही. खिडकीची जाळी सैल होती. ते आत आलं, टेबलावर बसलं आणि नरहररावांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. त्यांना ओरडता येईना, कारण मौन. ते दोन्ही हात वर करून ‘हूं! हूं!’ करत होते आणि माकड त्यांच्याकडे आपल्यातलाच कुणी असल्यासारखं पाहत होतं. आवाज ऐकून वहिनी आल्या, पाठोपाठ मी. वहिनींनी दारातूनच विचारलं, "अहो, आत येऊ का? शिवाशिव होईल हं." त्यांनी मान नाही-हो अशी दोन्हीकडे हलवली. शेवटी वहिनींनी पेरू पुढे केला, माकडाने चष्मा टाकला, पेरू घेतला आणि जाताना नरहररावांच्या टकलावर हात ठेवून गेलं.

आता प्रश्न आला की माकडाच्या स्पर्शाने सोवळं मोडतं की नाही. सात वाजेपर्यंत ते काही विचारू शकत नव्हते. त्यांनी कागदावर लिहून वहिनींसमोर धरलं. वहिनी म्हणाल्या, "मला काय विचारता? बायकोने मोडतं, एवढं मला ठाऊक आहे. माकडाचं तुमच्या वडिलांच्या पोथीत असेल, ती तुम्ही देऊन टाकली." त्यांनी पुन्हा आंघोळ केली. नंतर आठवडाभर खोकत होते. त्या दिवशी त्यांनी लिहिलेला तो प्रश्नच, असं वहिनी म्हणायच्या, त्या महिन्यातला एकमेव पूर्ण झालेला मजकूर.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे वर्ग भरायचा. काशीत नोकरीला आलेली मराठी माणसं, कुणी तिकीट खिडकीवर, कुणी कॉलेजात, आणि सगळ्यांना लिहायचं असायचं. नरहरराव त्यांना शिस्त शिकवायचे. फळ्यावर एक मोठा गोल काढायचे, पोळीसारखे त्याचे चार भाग करायचे: नोकरी, कुटुंब, आरोग्य, लेखन.

"चारी भाग सारखे. हा समतोल. एकही भाग दुसऱ्यात घुसता कामा नये."

वर्गाला कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई यायच्या, कविता करायच्या. त्यांनी एकदा विचारलं, "सर, पण पोरं, स्वयंपाक, सासूबाईंचं औषध, हे सगळं एका भागात कसं बसवायचं? तुम्ही कसं बसवता?"

"व्यवस्थापन," नरहरराव म्हणाले. "कुटुंबाला विश्वासात घ्यायचं. मालती! चहा झाला का?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. कुटुंब विश्वासात होतं. त्या बाई वहिनींकडे आणि फळ्याकडे आळीपाळीने पाहत राहिल्या, आणि पुढच्या रविवारपासून आल्या नाहीत. नरहरराव म्हणाले, "बघितलंत? शिस्त नाही."

कादंबरीला वाचक लागतो. त्यांचा मुलगा लखनौला. तो मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो, म्हणून सुटला. वहिनींना ते वाचून दाखवत नसत. घरच्या माणसाचं मत निर्मळ नसतं म्हणे. मग उरले मी. "तुम्ही सामान्य वाचक आहात," ते मला म्हणायचे, "तुमची प्रतिक्रिया मोलाची." मी गव्हातले खडे काढत बसायची, ते समोर बसून वाचायचे. माझी प्रतिक्रिया त्यांनी कधी विचारली नाही, ते बरंच झालं.

गोष्ट जुन्या काळातली होती. उमा नावाची कोकणातली मुलगी लग्न होऊन काशीला येते, आणि वर्षं लोटली तरी तिला माहेरी जायला मिळत नाही. अकराव्या प्रकरणात माहेरचा माणूस तिला न्यायला येतो. राजा घाटावर नाव उभी. नावेने मिर्झापूरपर्यंत जायचं, तिथून पुढे पालखी. उमा पायऱ्या उतरते, शेवटच्या पायरीवर थांबते आणि मागे वळून बघते. बस. पुढे काही नाही. मी ते प्रकरण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा धाकटा शाळेत होता. तो नोकरीला लागला तरी उमा पायरीवरच. मधल्या काळात कधी गंगेवर धुकं यायचं, कधी उमा लुगड्याचा काठ सारखा करायची, कधी नावाडी खोकायचा. नावेत मात्र बसायची नाही.

"तिला जाऊ द्यावं की थांबवावं, हा खरा संघर्ष आहे," नरहरराव म्हणायचे. नावाडी बिचारा काय खात असेल, एवढंच मला वाटायचं.

धाकटा नोकरीला लागला त्याच वर्षी वहिनींच्या भावाचा फोन आला. त्यांचं माहेर गुहागरकडे. आई थकली होती, अंथरुणाला लागली होती आणि ‘माले, माले’ करत होती. वहिनी कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या. भाच्याची मुंज झाली, भावाने नवं घर बांधलं, दर वेळी नरहरराव म्हणाले, "जाऊ ना! एवढं प्रकरण संपलं की दोघंही जाऊ. आत्ता मध्ये उठलो तर लय तुटते." तेव्हा वहिनी गप्प बसल्या होत्या. या वेळी त्या फोन ठेवून थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी वर गच्चीत वाळवणाच्या पापडांपाशी होते, म्हणून ऐकलं.

"आई वाट बघतेय. ती काही माझ्यासाठी थांबणार नाही."

"मी नाही कुठे म्हणतोय? अकरावं प्रकरण आता हातातोंडाशी आलंय."

"ते माझं लग्न झालं तेव्हापासून हातातोंडाशी आहे."

"मालती, अतिशयोक्ती नको. तेव्हा आठवं होतं."

वहिनी वळून आत गेल्या. संध्याकाळी खाली आल्या आणि आमच्या ह्यांना म्हणाल्या, "भाऊजी, एक तिकीट काढून द्या. एकच." डोळे कोरडे होते. "आईला बघायला मिळालं नाही ना, तर मी या घरात परत पोळी लाटणार नाही. तुम्हाला सांगून ठेवते." ह्यांनी तिकीट काढलं. गाडी सकाळची.

ती पहाट मला चांगली आठवते, कारण बॅग वरून उतरवायला मला बोलावलं होतं. नरहरराव कद नेसून टेबलाशी बसलेले. वहिनी प्रवासाची साडी नेसून दारात उभ्या राहिल्या, बरोबर उंबऱ्याच्या बाहेर, शिवाशिव नको म्हणून.

"अहो, मी आईकडे चाललेय. तांदूळ मोठ्या डब्यात, डाळ शेजारच्या डब्यात. सिलिंडर संपलं तर नंबर भिंतीवर लिहिलाय. तुमच्या बीपीच्या गोळ्या देव्हाऱ्यात ठेवल्यात, तिथे जागा रिकामीच असते."

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. मग त्यांनी तळहात पुढे करून ‘थांब’ अशी खूण केली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं.

"सात वाजता मी गाडीत असेन. जाऊ नको म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा."

"हूं!"

"हुंकार बोलण्यात धरत नाहीत. तुम्हीच सांगितलंय."

त्यांनी पेन ठेवलं. खुर्ची मागे सरकली. मला वाटलं, उठले. पण त्यांनी खुर्ची पुन्हा पुढे घेतली. बोलले तर मौन मोडणार, धरून थांबवायला गेले तर सोवळं. आणि मौन तर एवढ्या वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं, माकडाच्या दिवशीसुद्धा नाही. वहिनी क्षणभर थांबल्या, खरंच थांबल्या, मग जिना उतरल्या.

मला सांगायला लाज वाटते, पण हा माणूस सातपर्यंत बसला. वर खुर्चीचा आवाज नाही, पावलांचा नाही. सात वाजले आणि ते कदातच खाली आमच्या दारात आले.

"मालती गेली?"

मी मान हलवली.

"मला न विचारता?"

आमचे हे कधी हसत नाहीत. ते उठून आत गेले.

पहिले काही दिवस नरहरराव खुशीत होते, म्हणजे तसं दाखवत होते. "आता संपूर्ण वेळ माझाच! नोकरी आणि लेखन, मध्ये काही नाही." पण घरात शिवायला कुणी नसलं तर सोवळं पाळायचं कुणापासून? पहाटे ते आंघोळ करून बसायचे आणि दुधाच्या पिशवीसाठी दर थोड्या वेळाने जिन्यातून डोकवायचे. कुकरची शिट्टी आता त्यांचीच होती, ती कधीही वाजायची. रविवारचा वर्ग आला तेव्हा ते करपलेल्या खिचडीचं पातेलं घासत होते. फळ्यावरच्या गोलाचे चारही भाग त्या पातेल्यात गेले होते. वर्गाने दोन रविवार वाट पाहिली, मग यायचा बंद झाला.

फोन ते संध्याकाळी आमच्या अंगणातून लावायचे. वर नेटवर्क येत नाही. त्यामुळे मला न ऐकणं शक्य नव्हतं.

"मालती, कधी येतेस?"

"तुमचं प्रकरण संपलं की," वहिनी शांतपणे म्हणाल्या. स्पीकरवर समुद्रकाठचे कावळे ओरडत होते. "मध्ये उठून आले तर तुमची लय तुटायची."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, "संपलं."

"संपलं? वाचून दाखवा."

"तुला?"

"मला आणि आईला. आईला झोप लागत नाही, कुणीतरी काहीतरी वाचलेलं बरं वाटतं तिला. कालच तिला पंचांग वाचून दाखवलं."

पंचांगानंतरची जागा मिळाली म्हणून नरहरराव दुखावले, पण वाचलं. धुकं वाचलं, लुगड्याचा काठ वाचला, नावाड्याचा खोकला वाचला. उमेने मागे वळून पाहिलं. मग पलीकडून एक बारीक, चिरका आवाज आला.

"जावईबापू."

"बोला, आई."

"तिला बसवा की हो नावेत. केवढी वर्षं पायरीवर उभी! पाय भरून आले असतील पोरीचे."

"आई, तिचा संघर्ष आहे तो. तिकडे माहेर, इकडे कर्तव्य—"

"कुणाचं कर्तव्य?"

"तिचं. घराप्रती."

"घरात कोण आहे तिच्या?"

नरहरराव कागद चाळू लागले. मला माहीत होतं, त्या घरात कोण आहे ते त्यांनी कुठे लिहिलंच नव्हतं. एक नवरा होता, तो पहिल्या प्रकरणापासून माडीवर ग्रंथ वाचत बसला होता.

"संपलं नाही हं अजून," वहिनी म्हणाल्या. "उद्या याच वेळेला."

असे बरेच दिवस गेले. वहिनींच्या आई, म्हणजे आजी, रोज विचारायच्या, पोर बसली का नावेत? आणि हा माणूस रोज काहीतरी लिहून आणायचा. पाच ते सातमध्ये नाही, कारण त्या वेळात आता पाणी भरायचं असायचं. बँकेत जेवणाच्या सुट्टीत, डाळ शिजेपर्यंत, कधी आमच्या पायरीवर बसून. कद खुंटीवर. लिहिलेलं मी ऐकत होते. आधी उमेचं पाऊल पाण्यात गेलं. मग नवरा माडीवरून खाली आला. घाटावर आला. आणि पहिल्यांदा त्या कादंबरीत तो काहीतरी बोलला. फार काही नाही. ‘ऊन आहे, पदर घे,’ एवढंच. गहू निवडता निवडता माझा हात थांबला. सामान्य वाचक म्हणून नाही, असाच थांबला.

त्या संध्याकाळी आजींचा आवाज आला नाही. वहिनीच बोलल्या. आईला आता ग्लानी येते, पण ऐकतेय.

"बसली," नरहरराव म्हणाले. घसा साफ केला. "मालती, उमा बसली नावेत. नाव सुटली. प्रकरण संपलं. खरंच संपलं."

"वाचा."

त्यांनी वाचलं. नाव राजा घाटापासून सुटते आणि घाट मागे जाऊ लागतात, एवढंच होतं, पण त्यात एकदाही धुकं आलं नाही. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आता ये. कधीचं तिकीट काढू?"

पलीकडे कुणीतरी आजींना पाणी पाजत असावं, चमचा वाजला.

"आत्ता तर कुठे बसलीय," वहिनी म्हणाल्या. "पोचू दे की तिला."

फोन बंद झाला. नरहरराव अंगणात उभेच राहिले. मग माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं. "हिला राग आलाय, की ही फक्त सांगतेय?"

मी काय सांगणार? म्हटलं, "डाळ लागतेय वाटतं तुमची." ते पळत वर गेले.

दोन-तीन दिवसांनी दुपारी ते बॅग घेऊन खाली उतरले. बँकेत रजा टाकली होती. लेखनासाठी त्यांनी खूप रजा घेतल्या होत्या, माणसासाठी ही पहिलीच असावी. बॅगेतून पेढ्यांचा खोका आणि गंगाजलाचा गडू डोकावत होता. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, झाडांना पाणी घालायला सांगितलं आणि कोणत्या झाडाला किती ते स्वतःला ठाऊक नाही हे लक्षात येऊन बॅगेची चेन ओढू लागले.

गल्लीच्या तोंडाशी लल्लनचं पानाचं दुकान. लल्लन त्यांना लहानपणापासून ओळखतो, त्यामुळे मान ठेवत नाही. मी दारातून बघत होते. एक म्हातारा बैल गल्ली अडवून उभा होता, म्हणून त्यांना थांबावं लागलं.

"कहाँ चले, बाबू साहब? झोला-वोला लेकर?"

"ससुराल."

"अरे वाह! इस उमर में?" लल्लनने चुना लावता लावता डोळे मिचकावले. "और लौटेंगे कब?"

नरहरराव कुठल्याही प्रश्नाला वेळेसकट उत्तर देणारा माणूस. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"पूछना पड़ेगा," ते म्हणाले.

बैल हलला आणि ते त्याच्या बाजूने अंग चोरून गेले.